व्याधाखालची बेटं : कॅटामरानने रायातेआ, हुआहिने, ताहाआ आणि बोरा बोरा

पॅसिफिकमधलं फ्रेंच पॉलिनेशिया म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बोरा बोराचा एकच फोटो येतो : निळंशार पाणी, खांबांवर उभ्या झोपड्या आणि मागे काळा सुळका. फोटो खोटा नाही. पण ताहितीच्या वायव्येला, दोनेकशे किलोमीटरवर, हुआहिने, रायातेआ, ताहाआ आणि बोरा बोरा अशी चार डोंगरी बेटं आहेत आणि ती एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत. एकावर उभं राहिलं की दुसरं दिसतं, दुसऱ्यावर गेलं की तिसरं. कोणे एके काळी इथल्या माणसांना होडी समुद्रात लोटावीशी का वाटली असेल, हे त्या दिसण्यातच कळतं. विमानाने एकेका बेटावर उतरून ते कळायचं नाही. म्हणून आम्ही कॅटामरान, म्हणजे दोन अंगांची शिडाची बोट, घेतली.

आम्ही ऑकलंडला राहतो. बाबा आणि भाऊ-वहिनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आले होते. बाबांचं आयुष्य गुहागरच्या किनाऱ्यावर गेलं, त्यामुळे समुद्र दाखवायला त्यांना कुठे नेतोय अशी शंका भावाला होती. नवऱ्याला शिडाच्या बोटीची सवय आहे, पण प्रवाळातून वाट काढणं हे वेगळं काम. त्यासाठी रायातेआचाच एक कप्तान बोटीबरोबर घेतला. या सहलीत सर्वांत सार्थकी लागलेले पैसे ते.

गुरुवार आणि शुक्रवार : पापेएते

ऑकलंडहून शुक्रवारी दुपारी निघालो आणि पाच तासांनी ताहितीवरच्या पापेएतेला उतरलो तेव्हा तिथे गुरुवारची रात्र होती. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली होती. माझी लेक आजोबांना हे समजावत होती, तर बाबा म्हणाले, "वार बदलला गं, पण चंद्र थोडाच बदलतो? तिथी तीच." पुढे या तिथीवरून बराच खल झाला, तो येईलच.

विमानतळावर उकुलेले वाजवत स्वागत करतात आणि तिआरेचं पांढरं फूल हातात देतात. वास गडद, गोड. शुक्रवारचा दिवस पापेएतेच्या मंडईत गेला. अळकुड्या, पपया, शहाळी, केवड्याच्या पानांच्या चटया, आणि एका कोपऱ्यात हिरव्यागार निरफणसांचा ढीग. वहिनीने तिथेच दोन उचलले. इथे त्याला 'उरू' म्हणतात आणि पिढ्यान् पिढ्या तेच इथलं पोटभरीचं अन्न. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला याच झाडाची रोपं इंग्रजांनी ताहितीहून बाउंटी जहाजात भरली होती. 1789 मध्ये त्या जहाजावर बंड झालं आणि रोपं समुद्रात गेली.

शनिवार : ऊतुरोआ

छोट्या विमानाने पाऊण तासात रायातेआ. ऊतुरोआ हे इथलं मुख्य गाव : एक बंदर, एक मंडई, किराणा मालाची दोन-चार दुकानं. पाव सगळीकडे मिळतो आणि स्वस्त मिळतो, कारण त्याचा भाव सरकारने बांधून दिलेला आहे. बाकी जवळजवळ सगळं जहाजाने येतं आणि त्या हिशेबाने महाग. तांदूळ, मूगडाळ, कांदे, अंडी, नारळ भरले. मसाल्याचा डबा घरून आणला होता.

बोट 45 फुटी. दोन बाजूंना दोन लांब अंगं, त्यांत झोपायच्या खोल्या. मधल्या पुलावर स्वयंपाकघर आणि बसायची जागा. पुढे दोन्ही अंगांच्या मध्ये ताणलेली जाळी. जाळीवर पालथं झोपलं की थेट खाली पाणी दिसतं. बोट पाण्याखाली सव्वा मीटरभरच जाते, म्हणून उथळ पाण्यातही नेता येते. दोन अंगांमुळे ती कलंडत नाही, त्यामुळे गॅसवर ठेवलेला चहा सहसा सांडत नाही.

निघण्याआधी कप्तानाने सगळ्यांना पुढे बोलावून पाणी कसं वाचायचं ते शिकवलं. गडद निळं म्हणजे खोल. फिकट हिरवट निळं म्हणजे खाली वाळू, काही मीटर पाणी. पिवळट किंवा तपकिरी दिसलं की थांबायचं, तिथे प्रवाळ वर आलंय. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच हे रंग दिसतात. ऊन समोरून आलं की सगळं पाणी एकसारखं चकाकतं. म्हणून सकाळी उशिरा निघायचं, दुपारी ऊन कलण्याआधी नांगर टाकायचा. लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि त्याभोवतीची प्रवाळाची भिंत यांच्या मधल्या पाण्यात, खांब रोवलेले आहेत : लाल खूण डोंगराच्या बाजूची, हिरवी प्रवाळाच्या बाजूची. बोट दोहोंच्या मधून न्यायची. लेकीला पुढे उभं राहून रंग सांगायचं काम मिळालं आणि तिने ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी बंदरातून सहा-सहा वल्हेकऱ्यांच्या होड्या सपासप निघाल्या. अरुंद लांब होडी, एका बाजूला दोन दांडे बाहेर काढून त्यांना बांधलेला लाकडाचा तरंगता ओंडका. बाबा उठून कठड्याशी गेले. "अरे, ही तर आपली उलांडी!" कोकणात, गोव्यात छोट्या होडीला असाच ओंडका बांधतात, तोल राहावा म्हणून. इथल्या होडीला 'वाआ' म्हणतात. कप्तान म्हणाला, ही तालीम नोव्हेंबरातल्या शर्यतीची. हवाइकी नुई वाआ. हुआहिनेहून सुरुवात, मग रायातेआ, ताहाआ, आणि शेवट बोरा बोरा. तीन दिवस, सुमारे 130 किलोमीटर, बहुतेक उघड्या समुद्रातून, नुसत्या वल्ह्यांवर. 1992 पासून चालू आहे. त्यात वल्हवणारी मुलं दिवसा बंदरात माल उतरवतात, शाळेत शिकवतात, मासे मारतात.

रविवार : तापुतापुआतेआ

या सहलीत एकच जागा बघायची असती तर मी ही निवडली असती.

लगूनच्या आतूनच पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला उतरलो. डावीकडे प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, उजवीकडे ढगात घुसलेले हिरवे डोंगर. ओपोआ गावाजवळ जमिनीचा एक पसरट तुकडा समुद्रात येतो, त्यावर तापुतापुआतेआचे माराए आहेत. माराए म्हणजे उघड्यावरचं देवस्थान : काळ्या दगडांचं फरसबंद पटांगण आणि एका टोकाला उभ्या शिळांचा चौथरा. छत नाही, मूर्ती नाही. चौथऱ्याच्या शिळा प्रवाळाच्या आहेत, जवळ जाऊन पाहिलं की त्यात जुन्या प्रवाळाची जाळी ओळखू येते. भोवती उंडीची झाडं. बाबांनी खाली पडलेलं फळ उचलून नखाने खरवडलं, हुंगलं आणि खात्री करून घेतली. आमच्याकडे उंडीचं तेल दिव्याला आणि होडीला वापरायचे. इथे हे झाड देवाच्या अंगणातलं.

हे 'ओरो' या देवाचं ठाणं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, उत्तरेला हवाई, आग्नेयेला रापा नुई (ईस्टर बेट) आणि नैर्ऋत्येला न्यूझीलंड असा जो अवाढव्य त्रिकोण आहे, त्यातल्या अनेक बेटांचे लोक आपला उगम या भागाशी जोडतात. इथून जोडहोड्या निघायच्या. नव्या बेटावर देवस्थान उभारायचं तर इथला एक दगड बरोबर न्यायचे आणि तो तिथल्या पायात बसवायचे. 2017 मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. समोर प्रवाळाच्या भिंतीत एक खिंड आहे, तिचं नाव 'ते आवा मोआ', म्हणजे पवित्र वाट. होड्या तिथून आत यायच्या, तिथूनच बाहेर पडायच्या. पटांगणात उभं राहिलं की नजर आपोआप त्या खिंडीकडे जाते. जागा निवडणाऱ्याने ती समुद्राकडे तोंड करून निवडली आहे यात शंका राहत नाही.

लेकीला शाळेत तुपाइआ शिकवला होता, त्यामुळे इथे गाइडचं काम तिनेच केलं. तुपाइआ हा रायातेआचा पुजारी आणि दर्यावर्दी. बोरा बोराच्या योद्ध्यांनी रायातेआ जिंकलं तेव्हा तो ताहितीला गेला आणि 1769 मध्ये कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजावर चढला. त्याच्या सांगण्यावरून जो नकाशा तयार झाला त्यात सत्तराहून जास्त बेटं आहेत. न्यूझीलंडला पोचल्यावर माओरी लोकांशी तोच बोलला. एवढ्या समुद्रापलीकडे त्याची भाषा त्यांना समजली. 1770 मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, तो आजारी पडून वारला. कुकच्या नावाने जगभर किती शहरं, किती खाड्या, आणि या माणसाचं नाव कालपरवापर्यंत कोणी घेत नव्हतं. मला याचा मनापासून राग येतो.

दुपारी फाआरोआच्या खाडीत शिरलो. खाडीच्या टोकाला नदी मिळते, बोटीने आत जाता येईल अशी फ्रेंच पॉलिनेशियातली एवढी एकच नदी. छोट्या रबरी होडीतून वर गेलो. दोन्ही काठांवर पुराऊची झाडं पाण्यावर ओणवलेली. त्याची फुलं सकाळी पिवळी उमलतात, संध्याकाळपर्यंत लाल होतात आणि गळून पाण्यावर पडतात. आम्ही परतताना होडीच्या पुढे लाल फुलं तरंगत होती, झाडावर अजून पिवळी होती.

त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. वहिनीने शेवयांची खीर केली. जेवणं झाल्यावर सगळे जाळीवर आडवे झालो आणि आकाश बघत बसलो. पश्चिमेला व्याध कललेला, दक्षिणेला त्रिशंकू, पूर्वेला वृश्चिक वर येत होता, ईशान्येला स्वाती. ही सगळी नावं बाबांनी सांगितली. मग कप्तानाने त्याच ताऱ्यांची दुसरी बाजू सांगितली. प्रत्येक बेटाचा एक डोक्यावरचा तारा असतो. रायातेआचा अक्षांश दक्षिणेला पावणेसतरा अंशांच्या आसपास. व्याध आकाशात जवळजवळ तेवढाच दक्षिणेला आहे. म्हणजे तो रोज या बेटाच्या बरोब्बर माथ्यावरून जातो. वर्षाच्या सुरुवातीला तो रात्री ऐन डोक्यावर दिसतो. स्वातीचं तेच नातं हवाईशी. भर समुद्रात व्याध माथ्यावरून जायला लागला की समजायचं, आपण घराच्या अक्षांशावर आलो. आता पूर्वेला किंवा पश्चिमेला वळायचं आणि पक्षी, ढग, लाटांची दिशा बघत जमीन गाठायची.

हे नुसतं सांगोवांगी नाही. 1976 मध्ये होकुलेआ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला आली ती होकायंत्रही न वापरता. वाट दाखवणारा माउ पिआइलुग, मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचा. हवाईत तेव्हा ही विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता. 'होकुलेआ' हे हवाईच्या भाषेतलं स्वातीचं नाव. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही व्याध बघायचो तो गोष्टीपुरता. हरणाला मारलेला बाण आणि काय काय. त्याच्यावर होडी चालवायची म्हणजे केवढी श्रद्धा लागते आणि केवढा हिशेब."

सोमवार : हुआहिनेकडे

हुआहिने पूर्वेला, आणि इथला वारा पूर्व-आग्नेयेचा. म्हणजे नेमका तोंडावर. उजाडताच निघालो.

लगूनमधून बाहेर पडणं हा एक सोहळाच असतो. प्रवाळाच्या भिंतीवरून लाटांचं पाणी सतत आत पडत असतं, आणि आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट एवढीच : भिंतीतल्या खिंडी. त्यामुळे बाहेर लाटा मोठ्या असल्या की खिंडीत पाणी बहुधा बाहेरच धावतं, नदीसारखं. दोन्ही बाजूंना भिंतीवर लाटा फुटत होत्या, मधल्या गडद निळ्या पट्ट्यातून बोट सरळ गेली आणि पहिली मोठी लाट खाली आली. शीड उभं केलं, जोडीला एक इंजिन. वहिनी लिंबू चघळत क्षितिजावर डोळे लावून बसली होती. मोकळ्या समुद्रातले ते तास फार सुखाचे नव्हते, पण समोरचं बेट हळूहळू निळ्याचं हिरवं होताना बघण्यात काही औरच समाधान होतं.

फारे गावासमोर पोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. इथे बाबांचा तिथीचा विषय आला.

कोकणात भरतीची वेळ काढायची साधी रीत आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा. आज चतुर्थी, म्हणजे तीनला पाणी चढलेलं असणार, असं बाबांनी सांगून टाकलं. कप्तान हसला आणि म्हणाला, इथे रोज दुपारी बाराला भरती आणि रात्री बाराला भरती. चंद्र कुठलाही असो. बाबांना हे पटणं शक्य नव्हतं. त्यांनी वहिनीकडून एक टिकली घेतली, धक्क्याच्या खांबावर बरोबर बाराला पाण्याच्या रेषेवर, कोरड्या जागी लावली आणि तिथेच सावलीत बसले. तीन वाजता पाणी टिकलीच्या चार बोटं खाली. सूर्य मावळताना वीतभर खाली, आणि तिथून ते परत चढायला लागलं.

याचं कारण मोठं सुंदर आहे. चंद्रामुळे उठणारी भरतीची लाट महासागरात एका ठिकाणी सरळ येत-जात नाही, ती काही बिंदूंभोवती फिरते, आणि त्या बिंदूपाशी चंद्राची भरती जवळजवळ शून्य असते. असा एक बिंदू ताहितीच्या जवळ आहे. चंद्राचा जोर इथे संपतो आणि उरते ती सूर्याची छोटीशी भरती, म्हणून ती घड्याळाप्रमाणे चालते. आपल्याकडे दोन-तीन मीटर पाणी चढतं-उतरतं. इथे जेमतेम वीत-दीड वीत. "सूर्याच्या भरतीला पण भरतीच म्हणायचं," असं म्हणून बाबांनी टिकली काढली नाही, खांबावरच ठेवली.

मंगळवार : माएवा आणि फाइए

हुआहिने म्हणजे पुलाने जोडलेली दोन बेटं, मोठं आणि धाकटं. आम्ही एक गाडी ठरवून मोठ्या बेटाला चक्कर मारली.

माएवा गावात लगूनच्या काठाने माराए ओळीने उभे आहेत आणि मागच्या टेकडीवर, रानात, आणखी. गावापाशी पाण्यात दगडांचे इंग्रजी व्ही अक्षरासारखे बांध आहेत. मासे पाण्याच्या ओढीबरोबर रुंद तोंडातून आत जातात आणि निमुळत्या टोकाला अडकतात. शेकडो वर्षांपूर्वी रचलेले हे बांध अजून वापरात आहेत. आम्ही बघत असताना एक बाई कमरेभर पाण्यात उभी राहून टोकातून मासे काढत होती. सावकाश, घाई नाही, जणू परसातली भाजी खुडावी तशी.

1970 च्या दशकात फारेजवळ एका हॉटेलचं खोदकाम चालू असताना चिखलात जुनी लाकडं सापडली. योसिहिको सिनोतो या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं तेव्हा समुद्रपार जाणाऱ्या मोठ्या होडीच्या फळ्या, सुकाणूचं वल्हं, दगडी वाकस असं बरंच काही मिळालं. चिखलात हवा नसल्याने लाकूड टिकलं. त्यात लढाईतली आखूड चपटी सोटी होती, 'पातू'. ती माओरींच्या पातूसारखीच. आम्ही ऑकलंडच्या संग्रहालयात पातू कितीदा तरी पाहिली आहे. तीन-चार हजार किलोमीटर समुद्र मध्ये ठेवून तीच वस्तू दोन टोकांना.

फाइए गावात ओढ्यात निळ्या डोळ्यांचे ईल आहेत. गावकरी त्यांना पवित्र मानतात, कोणी मारत नाही. हातभराहून लांब, जाड, आणि डोळे खरोखरच फिकट निळे. लेक पाण्यात पाय घालून उभी राहिली आणि एक ईल तिच्या घोट्याला घासून गेला. ती किंचाळली नाही, याचं सर्वांना नवल वाटलं.

बुधवार : आवेआ

धाकट्या बेटाच्या दक्षिण टोकाला आवेआची खाडी. पांढरी वाळू, माडांची रांग. दिवसभर पोहलो. संध्याकाळी कप्तानाने ट्यूना कापला, लिंबाच्या रसात जरा मुरवला, वर ताज्या नारळाचं दूध, काकडी, टोमॅटो. चुलीचा संबंध नाही. लिंबानेच मासा पांढरा पडतो. नारळ खवायला त्याने पाटावर बसवलेलं खवणीचं पातं काढलं तेव्हा वहिनीने ते त्याच्या हातून घेतलं आणि चार नारळ झटक्यात खवून दिले. मी निरफणसाचे काप केले, तिखट-मीठ आणि रवा लावून. त्याने उरू आयुष्यभर निखाऱ्यावर भाजून खाल्ला होता, असा कधी खाल्ला नव्हता. रव्याचं प्रमाण लिहून घेतलं.

गुरुवार : ताहाआ, व्हॅनिलाचं बेट

वारा पाठीशी. शिडं दोन्ही बाजूंना पसरली, इंजिन बंद. सोमवारी ज्या समुद्राने हैराण केलं होतं, तोच आज बोटीला उचलून पुढे ढकलत होता. ताहाआ आणि रायातेआ ही दोन बेटं एकाच प्रवाळभिंतीच्या आत आहेत. तोआहोतूच्या खिंडीतून आत शिरलो आणि हामेनेच्या खोल खाडीत बोट उभी केली.

फ्रेंच पॉलिनेशियातली बहुतेक व्हॅनिला या एका छोट्या बेटावर होते. वास धक्क्यावरच येतो. आम्ही ज्या वाडीत गेलो तिथल्या मालकीणबाईंनी सगळं दाखवलं. व्हॅनिला हा ऑर्किडचा वेल. त्याचं फूल एकच सकाळ उघडं राहतं आणि त्या वेळात माणसाने हाताने परागीकरण करायचं, नाहीतर शेंग धरत नाही. फुलातला एक पातळ पडदा काडीने उचलायचा आणि अंगठ्याने दोन भाग एकमेकांवर दाबायचे. ही युक्ती 1841 मध्ये रेयुनियों बेटावरच्या एदमों अल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. जगातल्या व्हॅनिलाचा व्यापार त्या मुलाच्या अंगठ्यावर उभा राहिला.

मे महिना शेंगांचा. इथल्या जातीची शेंग पिकली तरी वेलावर तडकत नाही, म्हणून ती पूर्ण पिकू देतात. मग रोज थोडा वेळ उन्हात, नंतर कापडात गुंडाळून घाम काढायचा, पुन्हा ऊन. आणि अधूनमधून प्रत्येक शेंग चिमटीत धरून टोकापर्यंत ओढायची, म्हणजे ती सरळ आणि लवचिक राहते. बाईंनी माझ्या हातात एक शेंग दिली आणि ओढायला लावली. तेलकट, मऊ, बोटांना वास लागला तो दुसऱ्या दिवशी पोहून आल्यावरही होता. स्वस्त नाही, पण एका शेंगेमागे किती वेळा हात फिरतो हे पाहिल्यावर भाव करायची इच्छा होत नाही.

शुक्रवार : प्रवाळबाग

ताहाआच्या पश्चिमेला दोन छोट्या मोतूंच्या, म्हणजे प्रवाळभिंतीवरच्या सपाट बेटांच्या, मधून समुद्राचं पाणी आत वाहतं. काठाने चालत समुद्राच्या टोकापर्यंत जायचं, तिथे मुखवटा लावून पाण्यावर आडवं व्हायचं, बाकी काम प्रवाह करतो. पाणी कुठे कुठे कमरेपेक्षाही कमी, म्हणून हात-पाय आखडून ठेवायचे. प्रवाळाला लागलं तर जखम चिघळते आणि प्रवाळही मरतं. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. मोठे शिंपले दगडात रुतून बसलेले, त्यांचे ओठ निळे-जांभळे. सावली पडली की मिटतात. बाबांना पोहायला भावाने फळी दिली होती. वर आल्यावर त्यांनी फक्त "परत जाऊया" म्हटलं, आणि परत गेलो.

शनिवार आणि रविवार : बोरा बोरा

पाइपाइच्या खिंडीतून बाहेर पडलो की बोरा बोराचा ओतेमानू सुळका समोर येतो, 727 मीटर. वाऱ्याबरोबर जाताना भूगोलाचा एक धडा डोळ्यांपुढे उलगडत जातो. ही सगळी बेटं ज्वालामुखींची. ज्वालामुखी आग्नेयेला जन्मतात आणि पॅसिफिकचा तळ त्यांना वायव्येकडे वाहून नेतो. जसजसं बेट पुढे जातं तसतसं ते झिजतं, खचतं आणि त्याच्या भोवतालचं प्रवाळ मात्र वाढत राहतं. ताहिती तरुण, उंच, भरगच्च. बोरा बोरा म्हातारं : मध्ये उरलेला सुळका आणि भोवती केवढं तरी मोठं लगून. त्याच्या उत्तरेचं तुपाइ तर नुसतं कडं, मधला डोंगर पार बुडालेला. डार्विनने 1835 मध्ये ताहितीच्या डोंगरावरून शेजारचं मोओरेआ पाहिलं होतं. बेट बुडतं आणि प्रवाळ वाढतं, हा त्याचा सिद्धान्त इथे एका दुपारच्या प्रवासात बघायला मिळतो.

बोरा बोराला आत शिरायला खिंड एकच, पश्चिमेला, तेआवानुई. बेटाला वळसा घालून जावं लागतं. आत गेल्यावर नांगर टाकायला मनाई आहे, प्रवाळ वाचावं म्हणून. ठरावीक जागी बोये आहेत, पैसे भरून त्यांना बोट बांधायची. नियम चांगला आहे.

ही एकच खिंड असल्यानेही अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, इथे तळ उभारला. हजारो सैनिक आले, मोतू मुतेवर धावपट्टी बांधली, टेकड्यांवर तोफा चढवल्या. इथे लढाई झालीच नाही. तोफा अजून आहेत, गंजलेल्या, नळ्या समुद्राकडे. रविवारी सकाळी त्यांतल्या एका ठिकाणी चढून गेलो. वरून लगूनचे सगळे रंग एकदम दिसतात आणि तो फोटो खरा असल्याची खात्री पटते.

पाणी इथलं सर्वांत सुंदर आहे, हे मान्यच करायला हवं. पण दिवसभर पर्यटकांच्या वेगवान बोटींची ये-जा, पाण्यावर हॉटेलांच्या झोपड्यांच्या रांगा. गावात कोणी थांबून बोलत नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं, रोज नवी माणसं. हुआहिनेत अनोळखी बाईने आम्हाला कलिंगड दिलं होतं. मी दोन दिवस इथे राहिले त्यातला एक हुआहिनेला द्यायला आवडला असता.

सोमवार : परत

पुन्हा वारा तोंडावर, आणि या वेळी जास्त. शीड लहान केलं. दुपारी ऊतुरोआला पोचलो, डिझेल भरलं, पाणबुड्याने बोटीची खालची बाजू तपासली.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. जून ते ऑगस्टमध्ये 'माराआमू' हा आग्नेयेचा जोरदार वारा कधी कधी दिवसच्या दिवस चालतो, तेव्हा हुआहिनेला जाणं अवघड. साधा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, फ्रेंच पॉलिनेशियासाठी वेगळा लागतो. लगूनमधला मासा स्थानिकांना विचारल्याशिवाय खाऊ नका, काही जागी त्यात सिग्वातेराचं विष असतं. खोल समुद्रातल्या ट्यूनाला ती भीती नाही. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ पुरेसे भरा, अळकुड्या, उरू आणि केळी मिळतात. फ्रेंचची चार वाक्यं येऊ द्या आणि ताहितीचं निदान 'इओराना' आणि 'माउरूरू', नमस्कार आणि धन्यवाद. बोटीवरचं गोडं पाणी जपून वापरायचं, भांडी आधी समुद्राच्या पाण्याने विसळायची.

आणि बेटांचा क्रम आमच्यासारखाच ठेवा : आधी वाऱ्यावर चढून हुआहिने, मग उतरत ताहाआ आणि बोरा बोरा. उलटं केलं तर अंगात बळ संपल्यावर वाऱ्याशी झगडावं लागतं आणि मग बहुतेक लोक हुआहिनेच गाळतात.